पक्ष्यावर ४० टक्के जकात

ऑक्टोबर १९२६. 'पॅरिस' नावाची फ्रेंच आगबोट न्यूयॉर्कच्या बंदराला लागली. बोटीवर मार्सेल द्युशाँ हा कलावंत होता आणि त्याच्या ताब्यात एका मित्राच्या वीसेक शिल्पांच्या पेट्या होत्या. शहरातल्या एका गॅलरीत त्यांचं प्रदर्शन भरायचं होतं. कस्टम्सच्या अधिकाऱ्यांनी पेट्या उघडल्या. आत निघाले लाकडाचे ठोकळे, गुळगुळीत संगमरवरी गोळे आणि साधारण साडेचार फूट उंचीची एक पिवळीधमक ब्राँझची वस्तू. खाली निमुळती, मध्ये किंचित फुगीर, वर तिरकी कापलेली. कागदपत्रांत तिची नोंद 'पक्षी' अशी होती. तिला पंख नव्हते, पाय नव्हते, पीस तर एकही नव्हतं.

अमेरिकेच्या १९२२ च्या जकात कायद्यानुसार कलाकृतींना आयात जकात माफ होती. धातूच्या तयार मालावर मात्र ४० टक्के लागत असे. अधिकाऱ्यांनी हा ऐवज 'स्वयंपाकघरातली भांडी आणि हॉस्पिटलचं साहित्य' या सदरात घातला. पक्षी विकत घेतला होता एडवर्ड स्टायकेन या छायाचित्रकाराने, ६०० डॉलरला. त्याच्यावर जकात बसली २४० डॉलर.

ज्याची ही शिल्पं, तो म्हणजे कॉन्स्टंटिन ब्रांकुशी. रुमानियातल्या खेड्यातून पॅरिसला येऊन कायमचा राहिलेला. आधुनिक शिल्पकलेचा विषय निघाला की त्याचं नाव पहिल्या दोन-तिनांत येतंच. तरीही त्याचं काम प्रथमच पाहणारा माणूस त्या कस्टम्सवाल्याइतकाच गोंधळतो, आणि त्यात कमीपणा वाटण्यासारखं काही नाही. 'हे काय आहे?' हा प्रश्न रास्तच आहे. गंमत अशी की हा प्रश्न त्याला नुसत्या प्रेक्षकांनी विचारला नाही. कस्टम्स, पोलीस, न्यायालय, मायदेशातली अकादमी, नगरपालिका असं एकेक सरकारी टेबल त्याच्या शिल्पांच्या वाटेत आडवं आलं. त्या टेबलांच्या क्रमानेच त्याची गोष्ट बरीचशी उलगडते.

ब्रांकुशीचा जन्म १९ फेब्रुवारी १८७६ चा, कार्पेथियन डोंगरांच्या पायथ्याशी असलेल्या होबित्सा या खेड्यातला. घर शेतकऱ्याचं. लहानपणी त्याने मेंढरं राखली. अकराएक वर्षांचा असताना घर सोडलं आणि पुढची काही वर्षं जवळपासच्या गावांत, मग क्रायोवा शहरात, खानावळीत आणि दुकानांत पडेल ते काम केलं. हातातलं कसब लोकांच्या डोळ्यांत भरलं आणि १८९४ मध्ये त्याला क्रायोवाच्या कला आणि हस्तव्यवसाय शाळेत प्रवेश मिळाला. सुतारकाम तिथे पक्कं झालं. त्यानंतर बुखारेस्टची कलाशाळा. तिथे शरीरशास्त्राच्या एका डॉक्टरांच्या मार्गदर्शनाखाली त्याने कातडी सोललेल्या पुरुषदेहाचं शिल्प केलं. एकूण एक स्नायू जागच्या जागी. ते शिकवण्यासाठी वापरलं गेलं. हे मुद्दाम सांगतो आहे, कारण 'माणूस हुबेहूब जमत नसेल म्हणून नुसती अंडी घडवत बसला' अशी शंका पुष्कळांना येते. हुबेहूब त्याला उत्तम जमत होतं.

१९०४ मध्ये तो पॅरिसला पोचला. म्युनिकमार्गे, बराचसा प्रवास पायी केला, असं तो स्वतः सांगे. गोष्ट रंगवून सांगण्यात त्याचा हातखंडा होता, तेव्हा त्यातली किती पावलं खरी ते त्याचं त्यालाच ठाऊक. पॅरिसमध्ये आधी भांडी घासली, रुमानियन चर्चमध्ये सेवेकऱ्याचं काम केलं, आणि मग तिथल्या सरकारी कलाशाळेत शिकायला लागला. १९०७ मध्ये त्याला रोदँच्या स्टुडिओत जागा मिळाली. रोदँ म्हणजे त्या काळचा जगातला सर्वांत मोठा शिल्पकार. दूर देशातून आलेल्या तरुणाला यापेक्षा मोठं दार ते कुठलं उघडणार? ब्रांकुशी एक-दोन महिन्यांत तिथून निघाला. 'मोठ्या झाडाच्या सावलीत काही उगवत नाही' हे त्याचं वाक्य तेव्हापासून इतकं फिरलं की त्यापुढे मूळ मुद्दा हरवून गेला. भांडण मोठेपणाशी नव्हतं, कामाच्या पद्धतीशी होतं.

ती पद्धत समजून घ्यायला हवी. त्या काळचा नामवंत शिल्पकार मुख्यतः मातीत काम करी. मातीच्या मॉडेलवरून प्लास्टरचा साचा निघे. मग पगारी कारागीर बिंदूबिंदूची मापं घेणारं यंत्र लावून तो आकार संगमरवरात कोरत, नाहीतर ओतारी तो ब्राँझमध्ये ओतत. मागणी असेल तर लहान-मोठ्या आकारांत प्रती निघत. म्हणजे ज्याचं नाव खाली लागे, त्याने त्या दगडाला छिन्नी लावलेली असेलच असं नाही. ब्रांकुशीने हे मधले सगळे टप्पे उडवले आणि थेट दगडावर घाव घालायला सुरुवात केली. या पद्धतीत चूक दुरुस्त होत नाही. उडालेली कपची पुन्हा चिकटत नाही. त्यामुळे दगडाचा पोत, त्याची शीर, त्याचा मूळ ठोकळा यांच्याशी जमवून घेत पुढे जावं लागतं.

या पद्धतीतून आलेलं पहिलं गाजलेलं काम म्हणजे १९०७-०८ चं 'चुंबन'. याच नावाचं रोदँचं संगमरवरी शिल्प जगप्रसिद्ध आहे. त्यात दोन सुंदर देह, पाठीचे बाक, पायांची वळणं, सगळं आहे. ब्रांकुशीच्या 'चुंबना'त एक चौकोनी दगड आहे. त्याच्या मधोमध एक उभी रेघ. दोन्ही बाजूंनी एकेक अर्धा चेहरा, एकमेकांना इतके भिडलेले की दोघांचा मिळून एकच डोळा दिसतो. हात एकमेकांभोवती पट्टीसारखे. ठोकळा शेवटपर्यंत ठोकळाच राहतो आणि दोघांमध्ये हवेलाही जागा उरत नाही. रोदँच्या शिल्पात प्रेमात पडलेली माणसं दिसतात; इथे माणसं बाजूला पडतात आणि नुसतं बिलगणं उरतं.

आता पुन्हा पक्ष्याकडे येऊ. १९१० च्या सुमारास त्याने रुमानियन लोककथेतला जादूचा पक्षी घडवला, 'माइआस्त्रा'. तो अजून ओळखता येतो. भरदार छाती आहे, ताणलेली मान आहे, उघडी चोच आहे. त्यानंतर वर्षानुवर्षं तो हाच विषय पुन्हा पुन्हा हाती घेत राहिला. दर वेळी काहीतरी गळत गेलं. पाय गेले, मग मान आणि छाती एकाच रेषेत मिसळली, चोचीच्या जागी एक तिरका छेद उरला. १९२३ मध्ये 'अवकाशातला पक्षी' या मालिकेतला पहिला संगमरवरी पक्षी तयार झाला. पुढे दीड-दोन दशकं तो याच पक्ष्याच्या संगमरवरी आणि ब्राँझ आवृत्त्या करत होता. पक्ष्यातून पक्षी काढून टाकला तर काय उरतं, हा त्याचा शोध होता, आणि त्याच्यापुरतं उत्तर होतं झेप. साधेपणा हे कलेचं उद्दिष्ट नव्हे, वस्तूच्या खऱ्या अर्थाकडे जाता जाता आपण नकळत तिथे पोचतो, असं तो म्हणे.

ब्राँझ ओतून झाल्यावर त्याचं काम संपत नसे, खरं तर तिथूनच सुरू होई. ओतीव आकारावर तो स्वतः कानस चालवी, घासत राही आणि आरशासारखी चकाकी आणी. ही चकाकी शोभेसाठी नाही. आरशासारख्या पृष्ठभागावर आजूबाजूची खोली, खिडकी, पाहणारा माणूस सगळं उमटतं आणि वस्तूची कड नेमकी कुठे संपते तेच कळेनासं होतं. धातूचं वजन डोळ्यांना जाणवत नाही. शिवाय प्रत्येक पक्ष्याची जाडी, उंची आणि बाक वेगळा, कारण काळा संगमरवर, पांढरा संगमरवर आणि ब्राँझ यांना उजेड वेगवेगळा लागतो. खाली ठेवलेली लाकडाची किंवा दगडाची बैठकही तोच घडवी, आणि ती कामाचाच भाग धरी.

ही पार्श्वभूमी असली की न्यूयॉर्कचा खटला समजायला सोपा जातो. जकातीविरुद्धचा हा खटला 'ब्रांकुशी विरुद्ध अमेरिका' या नावाने ऑक्टोबर १९२७ मध्ये उभा राहिला. वकिलांचा खर्च गर्ट्रूड व्हँडरबिल्ट व्हिटनी या श्रीमंत शिल्पकार बाईंनी उचलला. पक्षी स्वतः पुरावा म्हणून कोर्टात हजर होता. सरकारच्या हाती १९१६ च्या एका निकालाचा आधार होता. त्या निकालात शिल्पाची व्याख्याच करून ठेवली होती: निसर्गातल्या वस्तूंचं, मुख्यतः मानवी देहाचं, खऱ्या प्रमाणात केलेलं अनुकरण. ही व्याख्या मानली तर पक्षी हरलाच.

उलटतपासणी आजही वाचायला मजा येते. स्टायकेनला न्यायमूर्तींनी विचारलं, हे पक्ष्यासारखं दिसत नाही तर याला पक्षी कसं म्हणता? तो म्हणाला, मी पक्षी आहे असं म्हणत नाही, मला पक्ष्यासारखं वाटतं. मग प्रश्न आला की जंगलात दिसला असता तर याच्यावर गोळी झाडली असती का? नाही, असं त्याला कबूल करावं लागलं. सरकारी बाजूने थॉमस जोन्स या शिल्पकाराने साक्ष दिली की ही वस्तू फारच अमूर्त आहे आणि शिल्पकलेचा हा गैरवापर आहे. ब्रांकुशीच्या बाजूने उभा राहिला जेकब एपस्टाइन. हाही देश सोडून आलेलाच, फक्त उलट्या दिशेने: न्यूयॉर्कमध्ये जन्मून लंडनला स्थायिक झालेला शिल्पकार. एखादा चांगला मेकॅनिक पितळेची कांब घासून असं करू शकणार नाही का, असं त्याला विचारण्यात आलं. त्याने सांगितलं, घासून चकचकीत करेल, पण त्याला ही कल्पना सुचणार नाही. वर त्याने हजारो वर्षांपूर्वीचा इजिप्तमधला दगडी ससाणा कोर्टात दाखवला. त्यालाही पिसं नव्हती.

निकाल २६ नोव्हेंबर १९२८ रोजी लागला आणि ब्रांकुशी जिंकला. न्यायमूर्तींनी नेमकं काय म्हटलं ते नीट पाहण्यासारखं आहे, कारण हा निकाल 'कोर्टाने अमूर्त कला श्रेष्ठ ठरवली' असा सांगितला जातो आणि ते खरं नाही. कोर्टाने वेगळे प्रश्न विचारले. वस्तू व्यावसायिक शिल्पकाराने केली आहे का? मूळ कृती आहे की नक्कल? तिचा काही व्यावहारिक उपयोग आहे का? मधल्या काळात कलेचा एक नवा पंथ निर्माण झाला आहे. तो पटो न पटो, तो अस्तित्वात आहे हे लक्षात घ्यावं लागेल, असा त्यांचा सूर होता. म्हणजे कला ओळखण्यासाठी साम्याची अट गेली. माझ्या मते हा निकाल शहाणा आहे तो एवढ्यासाठीच, की न्यायाधीशांनी आपली आवडनिवड टेबलाखाली ठेवली. प्रश्न मात्र तिथे मिटला नाही. २०१० मध्ये युरोपियन कमिशनने डॅन फ्लेविन या अमेरिकन कलावंताच्या ट्यूबलाइटच्या कलाकृतींना जकातीपुरतं दिव्याचं सामान ठरवलं.

या गोष्टीचा एक धागा मराठी घराण्यात येतो. १९२६ मध्येच, मलबार हिलवरच्या बावला खून प्रकरणानंतर इंदूरच्या तुकोजीराव होळकरांना गादी सोडावी लागली आणि कोवळ्या वयाचे यशवंतराव महाराज झाले. ऑक्सफर्डला शिकलेले यशवंतराव आणि कागलच्या घाटगे घराण्यातल्या महाराणी संयोगिताराजे या दोघांनाही युरोपातल्या नव्या कलेची ओढ होती. इंदूरचा माणिकबाग राजवाडा त्यांनी एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुकाराकडून बांधून घेतला. कमानी नाहीत, झुंबरं नाहीत. स्टीलचं फर्निचर आणि सरळ रेषा. पॅरिसमध्ये त्यांनी ब्रांकुशीचे तीन पक्षी घेतले: एक ब्राँझचा, एक काळ्या संगमरवराचा, एक पांढऱ्या. त्यांच्यासाठी ब्रांकुशीनेच एक मंदिर बांधावं असं ठरलं. कल्पना अशी होती की खिडक्या नसलेली एक वास्तू, भुयारातून प्रवेश, आत पाणी, वरून येणारा उजेड, आणि ध्यानासाठी हे पक्षी. तिबेटी योगी मिलारेपाचं चरित्र आवडीने वाचणाऱ्या ब्रांकुशीला हे काम मनापासून करायचं होतं.

१९३७-३८ च्या हिवाळ्यात तो इंदूरला आला. पण जुलै १९३७ मध्ये संयोगिताराजे स्वित्झर्लंडमध्ये वारल्या होत्या. यशवंतरावांचं मन त्यात उरलं नव्हतं आणि त्यांची भेटही झाली नाही. महिनाभर राहून ब्रांकुशी परतला. मंदिर झालं नाही. १९७३ मध्ये दोन्ही संगमरवरी पक्षी ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयाने विकत घेतले, आणि ब्राँझचा आता कॅलिफोर्नियात पासाडेनाच्या नॉर्टन सायमन संग्रहालयात आहे. माणिकबागेतलं फर्निचर १९८० मध्ये मोनॅकोत लिलावाला गेलं. राजवाड्यात कचेरी आली ती अबकारी आणि कस्टम्स खात्याची. इतका चपखल योगायोग कथेत घातला तर संपादक कापून टाकील.

इंदूरहून परतल्यावर त्याच वर्षी त्याचं सर्वांत मोठं काम पुरं झालं, आणि तेही मायदेशात. पहिल्या महायुद्धात, १९१६ मध्ये, जिऊ नदीकाठी जर्मनांशी लढताना पडलेल्या सैनिकांचं स्मारक तिर्गू जिऊ गावात उभारायचं होतं. मागणी गोर्ज जिल्ह्यातल्या महिलांच्या संघटनेची होती. ब्रांकुशीने मोबदला घेतला नाही. युद्धस्मारक म्हटलं की बंदूक, घोडा, पडलेला जवान एवढं तरी अपेक्षित असतं. इथे यातलं काहीच नाही. नदीकाठी बागेत एक दगडी गोल मेज आणि भोवती बारा बैठका, पुढे 'चुंबना'चा आकार कोरलेली दगडी वेस, आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला 'अनंत स्तंभ'.

स्तंभ २९ मीटरहून थोडा उंच आहे. त्याचं गणित साधं आहे. एकाच मापाचा, मध्ये रुंद आणि दोन्ही टोकांना अरुंद असा ओतीव लोखंडाचा घटक. अरुंद बाजू ४५ सेंटिमीटर, रुंद बाजू ९०, उंची १८०. प्रत्येक माप आधीच्या दुप्पट. असे घटक एका पोलादी कण्यात मण्यांसारखे ओवले आहेत आणि वर पितळेचा थर चढवलेला आहे. हिशेब श्तेफान जॉर्जेस्कू-गोर्जान या अभियंत्याचा, ओतकाम पेत्रोशानीच्या कारखान्यातलं. खरी युक्ती टोकाला आहे. सगळ्यांत वरचा मणी पुरा नाही, तो मध्येच, रुंद होता होता थांबतो. पूर्ण मणी असता तर नजर तिथे थांबली असती आणि स्तंभ 'संपला' असता. अर्धा ठेवल्यामुळे डोळे उरलेला भाग आपणहून पुरा करू पाहतात. अनंत आहे ते एवढंच, आणि तेवढं पुरतं.

२७ ऑक्टोबर १९३८ ला या साऱ्याचं लोकार्पण झालं. दहा-बारा वर्षांत रुमानियात कम्युनिस्ट राजवट स्थिरावली आणि पुन्हा तोच प्रश्न आला. १९५१ मध्ये रुमानियन अकादमीच्या बैठकांत त्याच्या कलेला लोकांपासून तुटलेली, नुसत्या आकारांची कला म्हणून झोडपलं गेलं. त्याच दशकात गावच्या अधिकाऱ्यांनी ट्रॅक्टर लावून स्तंभ ओढून पाडायचा प्रयत्न केला, असं सांगतात. कणा पोलादाचा आणि पाया खोल काँक्रीटचा असल्याने तो पडला नाही. पॅरिसही फार वेगळं होतं असं नाही. १९२० मध्ये त्याचं 'राजकन्या एक्स' हे शिल्प अश्लील वाटलं म्हणून पोलिसांच्या सांगण्यावरून प्रदर्शनातून हलवलं गेलं होतं.

पॅरिसला अठ्ठेचाळीस वर्षं राहून झाल्यावर, १९५२ मध्ये, त्याने फ्रेंच नागरिकत्व घेतलं. मोंपार्नासजवळच्या गल्लीतल्या स्टुडिओत तो शेवटपर्यंत पांढरे कपडे आणि लाकडी तळाचे जोडे घालून वावरला. आलेल्या पाहुण्यांसाठी मांस भाजणं, घरची दारू ओतणं हे सगळं स्वतः करी. १९२७ मध्ये तिथे काही महिने मदतनीस असलेला इसामू नोगुची पुढे स्वतः मोठा शिल्पकार झाला. शेवटच्या वर्षांत ब्रांकुशी नवीन फारसं करत नव्हता. शिल्पं एकमेकांजवळ हलवून, त्यांच्यातलं अंतर आणि उजेड जुळवून पाहत बसे, आणि एखादं विकलं गेलं तर त्या जागी प्लास्टरची प्रत ठेवी. हे तिरसटपण वाटेल, पण त्याच्या दृष्टीने शिल्पांमधली मोकळी जागासुद्धा काम होतं. म्हणूनच १९५६ मध्ये सगळा स्टुडिओ फ्रेंच सरकारला देताना त्याने अट घातली की तो आहे तसाच मांडला जावा. १६ मार्च १९५७ ला तो गेला. पॅरिसच्या पाँपिदू या कलाकेंद्रासमोर तो स्टुडिओ १९९७ मध्ये रेन्झो पियानो या वास्तुकाराने पुन्हा उभारला.

सरकारी टेबलं मात्र मागे लागलेलीच राहिली. मोंपार्नासच्या दफनभूमीत एका तरुण रशियन विद्यार्थिनीच्या थडग्यावर 'चुंबना'ची एक आवृत्ती १९११ पासून उभी आहे. तेव्हा ब्रांकुशीला फारसं कुणी ओळखत नव्हतं. २०१८ मध्ये त्याचं एक शिल्प लिलावात ७ कोटी १० लाख डॉलरला गेलं, यावरून त्या थडग्यावरच्या दगडाची आजची किंमत अंदाजाने काढा. मुलीच्या वारसांना तो काढून विकायचा होता. दगड पेटीने झाकला गेला आणि वाद फ्रान्सच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयात गेला. यावेळी शिल्प कला आहे का, असं कुणी विचारलं नाही. ते थडग्यापासून वेगळं करता येतं का, हा प्रश्न होता. २०२१ मध्ये न्यायालय म्हणालं, नाही, थडगं आणि शिल्प मिळून एकच स्मारक आहे.

तिर्गू जिऊची शिल्पं जुलै २०२४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेली. ती बैठक दिल्लीत भरली होती, आणि आपल्याकडच्या बातम्यांत त्याच यादीतल्या आसामच्या मोइदामांपुढे, म्हणजे अहोम राजघराण्याच्या दफनटेकड्यांपुढे, याची दखल फारशी कुणी घेतली नाही. पॅरिसचं पाँपिदू केंद्र दुरुस्तीसाठी २०३० पर्यंत बंद आहे. अमेरिकेत असाल तर न्यूयॉर्कपेक्षा फिलाडेल्फियाच्या कलासंग्रहालयात त्याचं काम जास्त आहे. रुमानियाला कधी गेलात तर स्तंभ लांबून पाहून समाधान मानू नका. पायथ्याशी उभं राहून मान वर करा, कारण तो अर्धा मणी फोटोत कधीच नीट कळत नाही.